एक्केचाळीसावं घर

ऑक्टोबर संपत आला तरी
तांडापेठेत खिडक्यांना कूलर तसेच लटकलेत,
पाठीत वाळा, पोटात पाणी.
"टाकी रिकामी करा न जी," मी म्हणते.
"करतो न बाई, दिवाळीच्या सफाईत."
धकाते काकूंची दिवाळी
अळीच्या आठ दिवसांपेक्षा लांब आहे.

पळी बुडवायची. थांबायचं.
टॉर्च तिरपा धरायचा.
डोकं खाली करून लटकलेली अळी, तर ती दुसरी.
पण पाण्याच्या पाठीवर आडवी,
दुपारी ओसरीवर अंग टाकलेल्या माणसासारखी पडलेली,
तर लाल शाई.

आज चाळीस घरं, एकशे बारा भांडी.
त्यात गच्चीवरचा एक फुटका कमोड,
झेंडू लावायचा म्हणून दोन वर्षं ठेवलेला.
निमजेंच्या हौदात मी बुधवारी सोडलेले गप्पी मासे
नातवानं बरणीत भरून शाळेत नेले.
सात घरांना कुलूप.
कुलपासाठी फॉर्मात रकाना आहे,
कुलपामागच्या टाकीसाठी नाही.

मग ते बांधकाम.
लिफ्ट अजून यायची आहे,
तिच्या खड्ड्यात पाणी आधीच येऊन राह्यलं.
स्लॅबखाली एटापल्लीकडची माणसं.
चुक्की उसेंडीच्या मांडीवर
दिवसाआड थरथरणारं पोर.
शेजारच्या गच्चीवरून हेडाऊ साहेब:
"लिहून घ्या बाई! हेच लोक आणतात, जंगलातून."

मी बोटाला सुई टोचली.
काचेवर एक जाड थेंब, एक पातळ ओढलेला.
पोर रडलं नाही,
आपलं रक्त कुठं जातंय ते बघत राहिलं.

असेल साहेब, ताप तिकडूनच आला असेल,
एसटीनं, आईच्या मांडीवर, बिनतिकीट.
पण त्याला दारोदार नेणारे पंख
इथलेच आहेत,
आपल्या नळाच्या पाण्यावर वाढलेले.
हे मी बोलले नाही.
आठ तासांच्या उन्हानंतर
एवढं लांब वाक्य तोंडात जुळत नाही.

खड्ड्यात तेल ओतलं.
काळ्या पाण्यावर जांभळा, हिरवा, पिवळा पसरला,
आणि पोर तापातून उठून
बघायला आलं, अनवाणी.
"मागं हो रे बाप्पा," मी त्याला धरलं.
अंग तव्यासारखं.

फॉर्मात शेवटी 'जोखीम' लिहिलंय,
पुढं तीन चौकटी : कमी, मध्यम, जास्त.
पेन तिथंच थांबलं.

मग हेडाऊ साहेबांची बेल वाजवली.
"गच्ची बघायची आहे."

दार उघडायला
बराच वेळ लागला.