पासंग

पलाप्येत, रेल्वे फाटकापलीकडे,
पत्र्याच्या खोलीत रा मोगापी ज्वारी विकायचा.
तराजूचं एक पारडं चेपलेलं,
म्हणून दुसऱ्यात पासंगाला नदीतला खडा.
मापून झालं की वर एक मूठ.
"ही कशाची?" आई विचारायची.
"वाटेत सांडेल त्याची."

मग सेरोवे, महालाप्ये, फ्रान्सिसटाउन.
ज्वारीशेजारी साबण आला, साबणामागे गाद्या,
गाद्यांवर झोप न येणाऱ्यांसाठी औषधं,
फोन, फोनमध्ये भरायचे पैसे,
आणि बाटलीतलं पाणी,
कारण खड्याची ती नदी
आता आठ महिने कोरडी असते.
सत्तेचाळिसावी शाखा उघडली त्या दिवशी
सगळ्यांना एकाच मापाचे लाल शर्ट मिळाले.
माझ्यात दोन ओनालेन्ना मावल्या असत्या.

आता सहा नंबरच्या गल्ल्यावर
मी पाव विकते, आणि पावासोबत
अंत्यविधीचा विमा.
महिना पस्तीस पुला.
शवपेटी, तंबू, गावजेवणाला एक बैल, मध्यम.
यंत्र मला विचारतं, मी गिऱ्हाइकाला:
"आणखी काही?"

काल म्मा बासादी आली. दूध, मेणबत्त्या.
विम्याचा कागद उलटसुलट पाहिला,
चष्मा नव्हता, तरी पाहिला.
"सगळं आहे गं यात," म्हणाली,
"वरची मूठ कुठे लिहिलीय?"

मागे रांग होती.
मी यंत्रात शोधलं,
मग नुसतंच शोधल्यासारखं केलं.

खडा गाबोरोनला असतो,
मुख्य कचेरीत, चौथ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत.
खाली पितळी पट्टीवर त्याचं वजन:
अठरा ग्रॅम.