बासष्ट हजारांत

बासष्ट हजार.
त्यात अकरा माझ्या विकलेल्या मोपेडचे,
सात उत्पलाचे, ट्यूशनच्या पोरांच्या आयांनी
सुटे दिलेले, रबरात गुंडाळलेले,
बाकी दोन लग्नं, एक वाढदिवस
आणि कामठीचं ते उद्घाटन,
ज्याचे पैसे अजून आले नाहीत
पण आम्ही धरलेत.

मे महिना. सीताबर्डीच्या दुकानात एसी होता
म्हणून तासभर जास्तच बसलो.
किती वॅट पाहिजेत? सेठनं विचारलं.
सुगत म्हणाला, छाती हलली पाह्यजे.
सेठनं बटण दाबलं.
टेबलावरचा पाण्याचा ग्लास
बोटभर सरकला.
सुगतनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं जत्रेत पाळण्याखाली उभं राहून
पोरगं बापाकडे पाहतं.
एक लाख चाळीस. जीएसटी वेगळा.

मग गड्डीगोदाम.
फ्रान्सिस काकांचं शटर अर्धंच वर,
कूलर टपकतोय,
आणि तीस वर्षांचे मेलेले स्पीकर
शाळेत शिक्षा झाल्यासारखे
भिंतीकडे तोंड करून उभे.
काकांनी वॅट विचारले नाहीत.
आमचा व्हिडिओ मागितला
आणि आवाज बंद करून पाहिला.
"हे पोरगी गाताना कानावर हात काऊन ठेवते बे?"

तीन वर्षं आम्हांला ती अदा वाटत होती.
पोस्टरवर तोच फोटो होता.
उत्पला म्हणाली, "मले मी ऐकूच येत नाही."
पत्ता सांगावा इतकं साधं.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब झाला.
बारा इंची दोन, जुने, नवा पडदा चढवलेले.
मिक्सर आठ चॅनलचा; तिसरं अडखळतं,
त्याच्या नादी लागू नका.
वायरी मात्र नव्याच घ्या,
तिथं कंजुषी केली तर ऐन अंतऱ्यात मरता.
आणि सब-वूफर?
काकांचं पेन थांबलं.
तो घेतला तर मॉनिटर नाही.
मॉनिटर घेतला तर छाती हलायची नाही.

सुगत बाहेर गेला.
पंचेचाळीसच्या उन्हात बराच वेळ उभा राहिला,
कोणाला तरी फोन करतोय असं दाखवत.
आत आला.
"ढोलक जोरात वाजवीन मी.
घ्या तिचा तो डबा."

संध्याकाळी गल्लीतच
काकांनी तो तिरका डबा तिच्या पायाशी ठेवला.
श्रोते: दोन पोरं, एक कुत्रं,
पुलावर सिग्नलला थांबलेली मालगाडी.
तिनं पहिली ओळ धरली,
दुसरीच्या मध्येच थांबली.
कानाकडे निघालेला हात
वाटेतच राहिला.
"वरच्या गंधारावर घसरते मी.
तीन वर्षं. अन् कोणी सांगितलं नाही?"

आम्ही तरी कुठं ऐकलं होतं.
सुगत मान खाली घालून
ढोलकच्या कड्या ओढत बसला.
मालगाडी हलली, खडखडत गेली,
तोवर कोणी बोललं नाही.
मग ती म्हणाली, पुन्हा.

खिशात चारशे दहा उरले होते.
टेम्पोवाला सहाशे म्हणत होता.