दिसायला सोळा

चांदिवलीत, तळमजल्याच्याही खाली, अठरा अंशांत
भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसलेय.
वरून विमानं उतरत असतील साकीनाक्याकडे;
इथे पंख्यांच्या घरघरीत
स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

चौथ्या मजल्यावर एक सिंह अडलाय.
आयाळ तयार आहे, केस न् केस,
पण केस आहेत साठ्यात, आणि रंगवणारी यंत्रं
समोरच्या रॅकमध्ये, रिकाम्या हातांनी.
नुसता डावा कान यायला चाळीस मिनिटं.
शुक्रवारी सिंह द्यायचाय. बुधवार आत्ताच संपला.

कार्डं शंभराची. मिळतात सव्वीस.

फायबरचं टोक पुसलं, चष्म्याची काच पुसावी तसं.
(फुंकर मारायची नाही, हे नाझनीनने शिकवलेलं.)
सव्वीस.
पाकिटं मोठी केली, नऊ हजारांची,
दोन्ही टोकांना, मधल्या स्विचवरही.
सव्वीस पूर्णांक चार.
त्या पूर्णांक चाराने मला तासभर आशेवर ठेवलं.
प्रोसेसरच्या कुठल्या गाभ्याने कुणाच्या हाकेला ओ द्यायची
तेही वाटून दिलं, भावांत जमीन वाटतात तसं, कुरकुर ऐकत.
पंचवीस पूर्णांक नऊ.
नवं फर्मवेअर चढवलं. यंत्र झोपून उठेपर्यंत बारा मिनिटं;
तेवढ्यात डबा उघडला. शेवग्याच्या शेंगा थिजल्या होत्या.

कार्डवाला फोनवर म्हणाला, मॅडम, स्विच बघा.
स्विचवाला म्हणाला, कार्ड.

मग यंत्र उठतानाची टिपणं वाचायला घेतली,
पहिल्यापासून, जशी कुणीच वाचत नाही.
आठशे बाराव्या ओळीत, तक्रारीचा सूर न लावता,
त्याने लिहून ठेवलं होतं:
मार्गिका चारच मिळाल्या, म्हणून वेग कमी.
फेब्रुवारीपासून, दर वेळी उठल्यावर,
हेच एक वाक्य. कुणाला उद्देशून, कोण जाणे.

झाकण काढलं.
खाच सोळांचीच होती, लांबलचक, ऐटदार,
पण टॉर्च धरून आत पाहिलं तर
सोनेरी दात पहिल्या चार घरांपुरतेच,
पुढे नुसतं काळं प्लास्टिक.
दिसायला सोळा, आतून चार.
लग्नं मोडतात असल्या गोष्टींवरून.

खरी सोळांची खाच शेजारीच.
तिच्यात बसलेलं एक म्हातारं हिरवं कार्ड,
त्यावर चिकटपट्टी, बॉलपेनने:
काढू नये. भा. वैती.
आणि त्यातून निघालेली एक राखाडी वायर
रॅकच्या मागे, अंधारात.

वैती निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मढला राहतात.
तीन वाजून दहा मिनिटांनी फोन लावला,
पहिल्याच रिंगला उचलला.
मागे होडीचं इंजिन, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय.
“कुठलं कार्ड?”
मग बराच वेळ नुसतं इंजिन.
“लावलं मीच. कशाला लावलं, ते काय आता आठवत नाय.
काढ बिनधास्त. माझं नाव सांग.”

काढलं. नवं बसवलं.
खट् झालेलं ऐकू नाही आलं, बोटांना कळलं.
सत्त्याण्णव.
उरलेल्या तिनांचा हिशेब मी मागितला नाही.
डावा कान आला, उजवा आला,
पावणेपाचला सिंहाने मान वळवली
आणि चौथ्या मजल्यावरून ऑल्विनने फक्त एक अंगठा पाठवला.

साडेनऊला दुसरा निरोप:
दारावरचं हजेरीचं यंत्र मेलंय,
कुणाचाच अंगठा घेत नाही.
मी राखाडी वायरीकडे पाहिलं.
तिचं टोक माझ्या टेबलावर होतं,
शेंगांच्या डब्याशेजारी.

गुरुवारी, कागदोपत्री, ऑफिसात कुणीच आलं नाही.
माझी नोंद तेवढी आहे:
बुधवार, सायंकाळी सात-चाळीस, आत.
बाहेर पडल्याची नाही.