झुडूप

चित्र क्रमांक एकशे चौदा
काळ्या घोड्यामागच्या आमच्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर उताणं पडलंय.
डच. सतराव्या शतकातलं. सही नाही.
आकार कणकेच्या परातीएवढा.

गावचा गुत्ता. चौघे पत्ते खेळतायत,
एकाच्या बुटात बदामाचा एक्का.
दात उपटणारा वैदू रोग्याच्या छातीवर गुडघा रोवून,
रोग्याच्या खिशात वैदूच्या बायकोचा हात.
डुकराचं तोंड पिंपात.
पोर आजोबाच्या पेल्यातलं उरलंसुरलं चाटतंय.
सगळ्यांची नाकं बटाट्यासारखी,
कारण ज्यानं पैसे मोजले त्याचं नाक तसं नव्हतं.
आणि उजव्या कोपऱ्यात एक झुडूप,
इतकं टवटवीत की संशय यावा.

मी कापसाच्या बोळ्याला थुंकी लावते.
हसू नका, हीच पद्धत आहे,
लाळेनं जुना धूर सुटतो, विलायतेतही असंच करतात.
माझ्या डोक्यावर पाटी: येथे थुंकू नये.

झुडपाला लाळ पुरेना. मग स्पिरिट, मग भिंग, मग धीर.
मंगळवारी एक पान निघालं, खाली पाठ.
गुरुवारी कंबर.
शनिवारी अख्खा माणूस,
गुत्त्याच्या भिंतीकडे तोंड, पाय फाकलेले,
भिंतीकडे तोंड करून माणूस जे करतो ते करत.

चहा घेऊन आलेले दाजी घाडीगावकर, आमचे शिपाई,
कपाळावरचा चष्मा खाली घेऊन म्हणाले,
"ह्यांच्यात देवाच्या टाइल्स लावत नव्हते काय?"

आमच्या मागच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला,
सर्वधर्मसमभाव ओळीनं बसवलाय.
दोन फूट डावीकडे ओल आहेच.

जुन्या कागदांत एक मोडीतली पावती सापडली.
शेठ कुंवरजी रतनशी, कापसाच्या तेजीत घेतलेलं चित्र,
वाळकेश्वरच्या बंगल्यात, जेवणघरात.
मग घरात सून आली असणार.
"झाड काढणे, रुपये अकरा."
दीडशे वर्षांनी मीही तेच करतेय,
झाड काढणे,
फक्त माझा दर वेगळा आणि क्रियापद उलटं.

सोमवारी विश्वस्त आले. पाच जण, एक अत्तर.
खूप हसले.
"अगदी गावठी!" एक म्हणाले.
"सेम आमचा माळी," दुसऱ्या म्हणाल्या, आणि फोटो काढला.
वैदूच्या बायकोवर हसले, डुकरावर हसले,
एक्क्यावर जरा कमी हसले.
मग घसा साफ करून, शाळेच्या सहली येतात हो इथे,
झुडूप परत लावता येईल का?
छोटंसं?

दाजी दारात ट्रे धरून उभे होते.
सगळे गेल्यावर कपबश्या गोळा करता करता वाकले.
"थंडी असणार. वाफ दाखवलीय बघा."
भिंग लावलं. खरंच,
पांढऱ्याचे तीन फटकारे, केसाएवढे.
"आणि बुडाला ठिगळ. घाईत घातलेलं नाय ते."

मी टाके मोजले. एकोणीस.
एकसारखे, तिरके, कडेला दुमड घातलेली.
ज्याला हसवायचे पैसे मिळाले होते,
ज्यानं त्या सगळ्यांना नाकं वाटली,
तो इथे येऊन का थांबला, कोणाची सुई बघत,
कळत नाही.
दाजींना विचारावं म्हटलं तर ते कप विसळत होते.

अहवालात लिहिलं:
झुडूप नंतरचं. माणूस मूळचा. वाफ मूळची.
ठिगळ मूळचं, टाके एकोणीस, एकही उसवलेला नाही.
शिफारशीचा रकाना मोकळा ठेवला.

दुपारी खिडकीशी उभी होते.
खाली, देवांच्या दोन फूट डावीकडे, एक जण भिंतीकडे तोंड करून.
मी आधी त्याच्या पँटकडे नीट बघितलं.
मग खिडकी लावून घेतली.