सादिल

अठ्ठावीस मार्च. सकाळची शाळा
सुटायला दहा मिनिटं असताना
पैसे आले.
टेबलावर मोबाइल गुरगुरला,
खोत गुरुजींनी तेराचा पाढा मधेच सोडला
आणि पोरांनी दप्तरं उचलली.

वर्षाचं अनुदान.
मागोमाग करजगी साहेबांचा निरोप, ग्रुपवर :
एकतीसच्या आत खर्च दाखवा,
नाहीतर रक्कम परत जाईल.
मधे एक रविवार, एक बँकेची सुट्टी.

हाक्के वस्तीवर, जतपासून पुढे
जिथं एसटी वळून परत जाते त्याच्याही पुढे,
जूनपासून शाळा चालूच होती.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या चिठ्ठ्या :
खडू, दोन खोकी.
कडी, दुसऱ्या खोलीची, वाऱ्यानं गेलेली.
झेंड्याची दोरी. फिनेल.
टँकरवाल्याला शंभर,
कारण तो म्हणाला होता, आधी वस्ती, मग शाळा.
आणि अर्धं वीजबिल. अशा दरानं आलेलं
की जणू आम्ही इथं बाराखडी विकतो.
उरलेलं अर्धं भरायचं राहिलं.
ऑक्टोबरात वायरमन आला, पाणी प्यायला,
वाईट वाटतं म्हणाला, आणि वायर तोडून गेला.
तेव्हापासून देणगीतला टीव्ही
उशीच्या अभ्र्यात आहे.
पहिलीतली मुलं त्याला आजारी म्हणतात.

आता प्रत्येक चिठ्ठीला पक्कं बिल हवं,
या तीन दिवसांतल्या तारखेचं.
जतला मुल्लांच्या दुकानात बसून
जूनचे संपलेले खडू मी मार्चमध्ये पुन्हा घेतले.
कडी पुन्हा बसली.
जिच्यावरून दोनदा झेंडा चढला ती दोरी
कागदावर अजून दुकानातच गुंडाळलेली होती.
मुल्लांनी चहा मागवला.
म्हणाले, बाई, सगळ्या शाळांचं हेच.
आज माझी दिवाळी.

याच आठवड्यात श्रेणीही कळली. क.
वीज नाही. संगणक बंद.
तपासणीच्या दिवशी डोकी एकोणीस.
वीस असले की शाळा,
एकोणीस असले की प्रस्ताव.

विसावी महानंदा.
चौथी, घरी कन्नड, शाळेत मराठी,
चाचणीच्या तक्त्यात :
हातच्याची वजाबाकी येत नाही.
नोव्हेंबरात टोळीबरोबर वाळव्याकडं गेली.
मी एका रविवारी स्कूटरवर गेले.
पाचटात पाय रुतवत ती बापाच्या मोळ्या मोजत होती,
ओंदु, एरडु, मूरु,
वीसनंतर मराठीत.
मुकादमाच्या वहीत चार कमी भरल्या
तर तिनं चार म्हणून सांगितलं, आणि
बापानंच तिला गप्प केलं.
आई म्हणाली, हिला नेता, न्या.
कडेवरच्याला कोण बघणार?
मी पिशवीतली दोन पुस्तकं दिली.
तिनं वरची धूळ फ्रॉकला पुसली,
कोपीत नेऊन ठेवली, आणि फडात परत आली.
मला हात केला नाही. हातात मोळी होती.

रात्री खोत गुरुजी फोनच्या उजेडात
नोंदी घालत होते : साहित्य, दुरुस्ती, स्वच्छता.
डब्याच्या तळाशी एकच चिठ्ठी उरली.
पेट्रोल, वाळवा, जाऊन-येऊन.
हे कुठल्या शीर्षात, बाई?
किरकोळ.
किरकोळमध्ये चाळीसच रुपये आहेत.
मग राहू दे.

सर्व्हर अडकला. गोल फिरत राहिला.
तेवढ्यात मी हजेरी पुढं ओढली
आणि महानंदा हाक्केसमोर महिनाभराची
राहिलेली गैरहजेरी भरली,
एकेका चौकटीत, नीट.
गैरहजर राहायला
आधी पटावर असावं लागतं.

पट किती टाकू? गुरुजींनी विचारलं.
वीस, म्हटलं.
वीस टाका.