ओटीतली कणगी

पहिल्या वर्षी मी वाऱ्यावर संशय घेतला,
दुसऱ्या वर्षी माव्यावर.
जांबोटीच्या बसथांब्यामागं चहा पिताना
त्या मोहरीएवढ्या किड्याला इतकं बोलले
की आमचा ड्रायव्हर नागेश म्हणाला,
बाई, त्याचं पण पोट आहे.

काटेकणगीचं पान हृदयाच्या आकाराचं, असं आम्ही लिहितो.
इथल्या बायका म्हणतात, विड्याच्या पानासारखं.
रोग आला की शिरा तेवढ्या हिरव्या राहतात,
मधली जागा फिकी, पिवळट,
आणि पौषात वेल उपटला
की मुठीएवढ्या कंदाच्या जागी
बोटाएवढं काहीतरी, केसाळ,
उकडलं तरी दोरा निघतो.

नकाशावर लाल टाचण्या लावत गेले.
कणकुंबीत आहे,
शेजारच्या वाडीत नाही,
मग एकदम डोंगर ओलांडून आमट्यात,
मलप्रभेच्या ह्या काठाला तीन घरं, त्या काठाला एकच.
वारा असा चालत नाही.
मावा तर नाहीच नाही.

आनसाबाई चहाचे कप न्यायला आली होती.
तिला अक्षर येत नाही. टाचण्या आल्या.
ही आमची वत्सी दिलेली, ती म्हणाली,
ही तिच्या नणंदेची सासरवाडी,
आणि ही बघा, हिला दोन सालामागं दिली, दुसरेपणावर.
बोट नकाशावरून असं फिरलं
जसं कुणी पाटावर तांदूळ निवडतं.
पाठवणीला ओटीत कणगी घालतात की हो,
बियाण्याची. पाच.
मोजून पाच.

त्या रात्री मी पुन्हा नमुने लावले.
शहाण्णव खळग्यांची थाळी,
शहाण्णव कुळांसारखी, ज्याची त्याची जागा ठरलेली.
शेवटचं औषध घातलं आणि थांबले.
रोग असेल तिथं पिवळं होतं.
एक खळगा पिवळा झाला, मग त्याच्या शेजारचा,
मग ओळीनं,
जणू घराघरात कुणी हळद लावत चाललंय.
मी रजिस्टरात आकडे लिहिले.
लिहिताना माझ्याही आईचे पाच कंद आठवले,
मी ते बेळगावात टिळकवाडीच्या फ्लॅटवर
भाजी करून खाल्ले होते.

एक खळगा पांढराच राहिला.
पुन्हा केला. पुन्हा पांढरा.

नीलव्वा गावडे, आमटे.
माहेर कित्तूरच्या पुढं, काळ्या मातीचं, जोंधळ्याचं.
भरमासंगं पळून आली तेव्हा
तिकडून कुणी पोचवायला आलं नाही,
इकडून सासूनं ओटी भरली नाही.
तिचा वेल परसात जांभळीवर चढलेला,
खालपासून शेंड्यापर्यंत एकाच हिरव्याचा.
हे बियाणं कुणाचं, मी विचारलं.

ती गेणसू म्हणाली, मग थांबून कणगी म्हणाली.
कुणी दिल्यालं न्हाई.
वर ओसाड कुमरीत साळिंदरानं उकरल्यालं,
अर्धं त्यानं खाल्लं,
अर्धं मी आणलं.
उष्टं हाय.

मी काय बोलणार.
अठ्ठावीस पानांचा अहवाल लिहिला,
त्यात साळिंदर नाही.
शिफारस अशी, की रोगमुक्त मातृबियाणं
एकाच स्रोतावरून वाढवून
गावोगाव वाटावं.

वैशाखात तिच्या दारात बायका आल्या,
सासूही आली, जरा मागं, टोपली पदराखाली.
नीलव्वानं कंद मांडले, कापले,
प्रत्येक कापानंतर कोयता चुलीवर धरला,
मी सांगितलं होतं तसा,
तुकडे राखेत घोळले.
मग कुणाच्या टोपलीत किती, हे विचारलंच नाही.
मोजून पाच घालत गेली.

सासूची टोपली आली
तेव्हा हात थांबला.
सहावा घातला की नाही, मला दिसलं नाही,
नागेशनं हॉर्न वाजवला होता
आणि खोक्यातला बर्फ वितळत होता.