अर्थाचा रकाना

टेप एक्केचाळीस सेकंदांची.
उतरवून काढायला मला दोन दिवस लागले.

बूडोजवळच्या डोंगराच्या पोटात
माझं टेबल, माझा हीटर, आणि कॅप्टन हॉल्वर यांनी
पट्टी धरून आखलेले चार रकाने:
वेळ. कोण. शब्द. अर्थ.
"अर्थ असा लिहा, तोरुन,
की जमिनीवरच्या माणसाला कळेल.
चौकशीला वकील बसणार आहेत."

शब्द मला तोंडपाठ होते.
पहिल्या वर्षी मी ते बटाटे सोलताना घोकले.
विंचेस्टर म्हणजे बंदूक नव्हे, गोळ्या संपल्या.
म्युझिक म्हणजे कुणीतरी मुद्दाम
रडारच्या डोळ्यांत धूळ फेकतंय.
पिजन्स: घर कुठल्या दिशेला, किती लांब.
आणि बिंगो, ज्यावर गुरुवारी चर्चच्या तळघरात
माझ्या मावशीला अख्खं हॅम मिळालं होतं,
तो वर गेला की त्याचा अर्थ एवढाच:
आता वळलास तर पोहोचशील.

कुणी बसवले असतील हे शब्द?
कुणीतरी कंजूष, श्वासांचा हिशेब ठेवणारा,
वाक्य पुरं होईतो माणूस मैलभर पुढे गेलेला असतो
हे ज्याला पक्कं ठाऊक होतं.

दिसत नाही, याचे त्यानं दोन शब्द केले.
शत्रू दिसत नाही: नो जॉय.
आपला माणूस दिसत नाही: ब्लाइंड.
मला हे फार शहाणपणाचं वाटायचं.
घरात आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो
आणि मग भांडत बसतो.

टेपवर नो जॉय एकदाही नाही.
त्या दिवशी शत्रू नव्हताच. सराव होता.
नोव्हेंबर, दुपारी दोनलाच संपत आलेला उजेड,
लोफोटेनच्या बाजूनं उतरत आलेला ढग.

सेकंद नऊ. सिग्वे: पॉपाय.
अर्थ: ढगात शिरलो आहे.
पालक खाणाऱ्या खलाशाचं मी वकिलांना सांगितलं नाही.
सेकंद चौदा. एलिफ: ब्लाइंड.
अर्थ: माझा जोडीदार मला दिसत नाही.
सेकंद एकोणीस. एलिफ: ब्लाइंड.
अर्थ: वरीलप्रमाणे.
सेकंद तेवीस. एलिफ: ब्लाइंड.
मी पुन्हा वरीलप्रमाणे लिहिलं
आणि खोडलं. हा तो शब्द नव्हता.
पण आवाजाचा रकाना कुणी आखलेला नव्हता.

मग चार सेकंद नुसती खरखर.
मग एलिफ, नियम सोडून, खुणेचं नाव सोडून,
सेन्या बेटावरच्या कोळ्यांच्या बोलीत,
संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून आई विचारते तसं:
कुर ए दू, सिग्वे?
कुठं आहेस तू?

पुढे टेप संपेपर्यंत खरखरच.

"हे यादीत नाही," कॅप्टन म्हणाले.
"अर्थाचा रकाना कोरा सोडा."
मी सोडला.
वकिलांनी त्यावर काहीच विचारलं नाही.
समुद्रानं एक हातमोजा परत दिला, डाव्या हाताचा.
तो त्याचाच, असं छातीठोकपणे सांगणारं कुणी नव्हतं.

एलिफ पुन्हा उडाला नाही. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली.
रोज धक्क्यावरून फोन करतो: फीट ड्राय,
म्हणजे पाण्यावरून जमिनीवर आलो, बटाटे चढव.
त्याला अजून याची गंमत वाटते. मलाही.

पण हिवाळ्यात कधी वीज जाते,
आणि अंधाऱ्या जिन्यातून त्याचा आवाज येतो:
कुर ए दू?
तेव्हा हात पिठात असोत,
तोंडात घास असो,
मी ओ देते.
चार सेकंद होऊ देत नाही.